ऑक्टोबरच्या पत्रातल्या सात ओळी

आमची मुलगी दोन वर्षांसाठी मिशनरी म्हणून मलावीला गेली आहे. मलावी आफ्रिकेत आहे. तिथून ती दर महिन्याला आमच्या चर्चच्या मंडळीला एक पत्र पाठवते. ते पत्र महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, उपासनेतल्या सूचना झाल्यावर आणि शेवटच्या गीताच्या आधी, पुढे उभं राहून वाचून दाखवायचं अशी रीत आहे. वाचायचं काम सेक्रेटरीचं, आणि सेक्रेटरी मी. मी एकूण एकोणीस पत्रं वाचली. अठरा पूर्ण वाचली. एका पत्रातल्या सात ओळी गाळल्या. त्या सात ओळींचं काय झालं ते लिहून ठेवायचं आहे, पण आधी थोडं मागचं सांगतो.

मी पाटबंधारे खात्यात आहे. मुलगी लहान असताना माझी बदली गगनबावड्याला होती. तिथे रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक उघडायचा, आतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा आणि रजिस्टरला लिहायचा. बावड्याचा पाऊस छत्रीला दाद देत नाही. तरी चार वर्षांची ही पोरगी माझ्या डोक्यावर छत्री धरायला हट्टाने यायची. तिचा हात माझ्या कमरेच्या वर जात नसे, त्यामुळे छत्री माझ्या पोटाला लागायची आणि डोकं भिजायचं. आकडे ती शाळेत शिकली नाही, तिथे शिकली. आणि एक नियमही तिथेच शिकली, जो मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला सांगितला आहे: पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचं, मोजला नाही तर आडवी रेघ मारायची. शून्य ही मोजणी आहे. न मोजता शून्य लिहिणारा माणूस खोटं लिहितो, मग त्या दिवशी खरोखरच कोरडं असलं तरी.

ती नर्सरीच्या मुलांची शिक्षिका झाली. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका शाळेत दोन वर्षं शिकवलं, आणि एका रविवारी जेवताना म्हणाली, ‘पप्पा, मी सेवेला जायचं म्हणते. बाहेरदेशी.’ मी विचारलं, ‘किती दिवस?’ तिची मम्मी म्हणाली, ‘दिवस काय इचारता, का ते इचारा की.’ मुलगी हसली. का ते तिने सांगितलं, ते इथे लिहीत नाही, तिचं ते तिच्यापाशी. मला ते पटलं एवढं पुरे.

मंडळीने तिच्यासाठी पाठवणीची उपासना ठेवली. चर्चच्या पंचांपैकी एक वयस्कर पंच आहेत, त्यांनी हात मिळवताना मला म्हटलं, ‘लोक पोरीची पाठवणी लग्न लावून करत्यात, तुम्ही लग्नाआधीच केली.’ आजूबाजूचे हसले. मीही हसलो. मग त्यांनी आवाज खाली घेतला. ‘पोरीच्या जातीला झेपंल काय सेक्रेटरी? मधनंच परत आली तर मंडळीचं नाक जाईल. पुढच्या पोरास्नी कोण पाठवणार?’ मी म्हटलं, ‘माझी पोरगी अर्ध्यातनं येणारी न्हाय.’ हे वाक्य मी बोललो हे लक्षात ठेवावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

विमानात तेवीस किलोपर्यंतचीच बॅग चालणार होती. मम्मीने कांदा-लसूण चटणीची दोन किलोची बरणी भरली होती. मी एक छोटा प्लास्टिकचा पर्जन्यमापक आणि मोजपात्र आणलं. बॅग तेवीस किलो नऊशे ग्रॅम भरली. मम्मी म्हणाली, ‘ते डबडं काढा.’ मुलीने अर्धी चटणी काढली. त्यावरून मम्मी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिचा दिवस मला पाठ आहे. पहिल्या वर्षीच्या पत्रांवरून आणि शनिवारच्या फोनवरून मी तो जुळवला. सकाळी पाचला उठायचं. चर्चच्या आवारात दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, त्यात ती आणि तिची सोबतीण, मिझोरामची एक मुलगी. हातपंपावरून चार बादल्या पाणी, दोन तिच्या, दोन सोबतिणीच्या. साडेसहाला दोघींची प्रार्थना. साडेसातला बालवाडी, मुलं त्रेसष्ट. दुपारी मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला तिथे न्सिमा म्हणतात, आणि त्याबरोबर पालेभाजी नाहीतर वाळवलेली बारीक मासळी. पहिल्या पत्रात तिने लिहिलं होतं की हाताने मोडून खायचं म्हणून गोळ्याशी लगेच जमलं, फक्त मीठ आठवतं. दुपारी अडीचनंतर घरोघर भेटी: आजारी माणसं, बाळंतिणी, म्हाताऱ्या. भेटीला एकटीने जायचं नाही, दोघींनी जायचं, असा तिथला कडक नियम. साडेपाचला आवाराचं फाटक बंद.

आमची वेळ त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. मी तिच्यासाठी वेगळं घड्याळ वगैरे लावलं नाही, वजाबाकी येते मला. पण ऑफिसात दुपारी बारा वाजले की माझ्या मनात येतंच, तिच्याकडे साडेआठ झाले. तिनेही साडेआठलाच पाऊस मोजायचा असं ठरलं होतं. तिथला पावसाळा आपल्या हिवाळ्यात येतो, नोव्हेंबर ते मार्च. पहिल्या हंगामात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिची यादी माझ्या फोनवर यायची: तारीख, मिलिमीटर. पाचही महिन्यांत एकही आडवी रेघ नव्हती. माझ्या हाताखाली पगार घेऊन काम करणाऱ्यांचीही अशी रजिस्टरं मी पाहिलेली नाहीत.

इकडे घरात दोघंच. माझी बायको नर्स आहे, पाळ्या फिरत्या. ती दुपारपाळीला गेली की मी ऑफिसातून येऊन कुलूप काढायचं. कळंब्याला आमचं घर रस्त्यापासून आत आहे. तिसऱ्या घरातला टीव्ही ऐकू येतो इतकं शांत. मुलगी असताना मी ‘आवाज कमी कर’ हे दिवसातून किती वेळा म्हणायचो ते मोजलं नाही, पण म्हणायचो खूप. आता दोन भाकरी केलेल्या असतात, त्या झाकणाखालून काढून खायच्या आणि ताट धुवायचं. समोरचे चाचा बेकरीत काम करतात, त्यांचा थोरला आखातात आहे. एकदा फाटकापाशी भेटले तेव्हा मी म्हटलं, ‘पोरगीचा फोन आलता. सगळं ठीक आहे म्हणाली.’ चाचा म्हणाले, ‘माझा पोरगा पण तेच म्हणतो. सगळं ठीक हाय म्हणाला की मी समजतो, काय तरी बिघडलंय. ठीक असंल तर तो पोटदुखी, मालक, जेवण, सगळ्याच्या तक्रारी करतो.’

मला ते तेव्हा पटलं नाही.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात सोबतीण गेली. तिला कावीळ झाली आणि तिच्या घरच्यांनी परत बोलावून घेतलं. मुलीने फोनवर सांगितलं, ‘दुसरी कुणीतरी येईल, पाठवतील.’ मी विचारलं, ‘कधी?’ म्हणाली, ‘बघू.’ मी पाण्याच्या बादल्यांचा विचार केला. आता दोनच लागतील.

ऑक्टोबरचं पत्र नेहमीसारखं फोनवर आलं. आमच्या चर्चमध्ये पुढच्या बाजूला उजेड कमी आहे आणि फोनवरची अक्षरं मला दिसत नाहीत, म्हणून मी प्रत्येक पत्र फुलस्केप कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून काढतो. हे काम शनिवारी दुपारी. बायको ड्युटीवर होती. बालवाडीचं उतरवलं. एका म्हातारीच्या पायाच्या जखमेचं उतरवलं. मग हे आलं. ते आता मला पाठ आहे, तरी फोनवरून पाहून जसंच्या तसं लिहितो:

‘सोबतीण गेल्यापासून घरात मी एकटीच आहे. भेटींना एकटीने जाता येत नाही, म्हणून आठवड्यातले पाच दिवस दुपारनंतर मी आवारातच असते. साडेपाचला फाटक लागतं ते सकाळी सहाला उघडतं. तेवढ्या वेळात माझ्या तोंडून कुठल्याच भाषेतला शब्द निघत नाही. मी प्रार्थना करते, पण पलीकडे कुणी आहे असं बरेच दिवस वाटलेलं नाही. हे तुमच्यापासून लपवून शाबासकी घ्यायला नको वाटतं. कुणी मला चार ओळी लिहिल्या तर फार बरं होईल.’

माझ्या कागदावर याच्या सात ओळी झाल्या असत्या. मी पेन खाली ठेवलं. पहिला हिशेब मी केला तो साडेपाच ते सहाचा. साडेबारा तास होतात. दुसरा विचार आला तो लोकांचा. ‘पलीकडे कुणी आहे असं वाटलेलं नाही’, हे मिशनरीने लिहिलेलं मी एकशेदहा माणसांसमोर वाचायचं. वयस्कर पंच पहिल्या बाकावर बसतात. त्यांचा चेहरा मला दिसला. शिवाय त्याच महिन्यात आणखी एका घरातला मुलगा सेवेला जायचा अर्ज भरत होता आणि त्याची आई आधीच नको म्हणत होती. मी स्वतःला सांगितलं की त्या मुलाचं नुकसान होईल. हे कारण खोटं नव्हतं, पण पहिलंही नव्हतं. पहिलं कारण, मी पाठवणीच्या दिवशी बोललेलं वाक्य.

म्हातारीच्या पायाच्या जखमेनंतर मी सरळ शेवटचा ‘सर्वांना सलाम’ उतरवला. रविवारी वाचलं. लोकांनी नेहमीसारखं आमेन म्हटलं. वयस्कर पंच बाहेर पडताना म्हणाले, ‘पोरगी खमकी निघाली हं.’ मी मान हलवली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी साडेसातला फोन आला. ती सहसा आधी मम्मीला मागते. त्या दिवशी मला मागितलं.

‘पप्पा, पत्र वाचलं?’

‘वाचलं.’

‘सगळं?’

‘व्हय.’

‘मग? कोण काय म्हणालं?’

‘चांगलंच म्हणाले. खमकी आहे म्हणाले.’

मला वाटलं नेटवर्क गेलं. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग ती म्हणाली, ‘बरं. मम्मीला द्या.’

त्यानंतर काय झालं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, ते कागदावर दिसत होतं. ऑक्टोबरचं पत्र, गाळलेल्या ओळी धरून, माझ्या कागदावर सेहेचाळीस ओळींचं झालं असतं. नोव्हेंबरचं एकतीस ओळींचं आलं. डिसेंबरचं, नाताळ असूनही, बावीस. जानेवारीचं चौदा. त्या चौदा ओळींत बालवाडीच्या मुलांची संख्या, भेटींची संख्या, शिवणाच्या वर्गातल्या बायकांची संख्या आणि सलाम. माझंच एखादं रजिस्टर वाचल्यासारखं वाटलं. वाचून बसलो तर मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘आज लवकर सुटलो.’

शनिवारचा फोनही आखडत गेला. किती वेळ बोलणं झालं ते फोन स्वतःच दाखवतो. पूर्वी चाळीस मिनिटं, पन्नास मिनिटं असायची. जानेवारीतल्या एका शनिवारी चार मिनिटं. आवाज बसलेला होता. नेटवर्क नाही म्हणाली. चेहरा दाखव म्हटलं तर कॅमेरा बिघडलाय म्हणाली. ‘सगळं ठीक आहे,’ म्हणाली. मला समोरचे चाचा आठवले आणि मी ते मनातून काढून टाकलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी जानेवारीच्या पावसाची यादी आली. मी जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून ती वहीत उतरवायला बसलो. एक तारीख बारा मिलिमीटर. दोन तारीख शून्य. तीन तारीख एकेचाळीस. असं दहा तारखेपर्यंत. अकरा तारखेला आडवी रेघ. बाराला आडवी रेघ. ती थेट एकोणीस तारखेपर्यंत. नऊ दिवस. वीस तारखेला पुन्हा आकडा, सात मिलिमीटर.

घरापासून पर्जन्यमापकापर्यंत तिने पावलं मोजून मला सांगितली होती: चोवीस. नऊ दिवस तिला चोवीस पावलं चालता आलं नव्हतं. आणि ती माझी मुलगी असल्यामुळे तिने तिथे शून्य लिहिलं नाही, की अंदाजाने काही भरलं नाही.

साडेसातला फोन आला तो स्पीकरवर ठेवून मी विचारलं, ‘अकरा ते एकोणीस का मोजलं नाहीस?’

‘वेळ नव्हता.’

‘साडेआठला मिनिटभर वेळ नव्हता? नऊ दिवस?’

बायको आतून पीठ मळलेल्या हातानेच आली. तिने मनगटाने फोन स्वतःकडे ओढला. ‘ताप आलता काय? खरं सांग.’

‘मम्मी, अगं, मलेरिया. इथे सगळ्यांना होतो. गोळ्या घेतल्या.’

‘किती ताप? कोण होतं संगं?’

‘सकाळ-संध्याकाळ इथल्या पाळकसाहेबांची बायको यायची. लापशी आणायची.’

‘आणि मधी?’

‘मधे झोपायचे.’

‘पाणी कोण द्यायचं?’

‘बादली उशापाशी ठेवली होती.’

बायको नर्स आहे. ती रडली नाही, चिडली. ‘आणि आमाला न्हाय सांगायचं? आमी काय मेलोय?’

मग मुलगी जे बोलली ते शांतपणे बोलली. ‘मम्मी, मी सांगितलं होतं की. ऑक्टोबरात. मी एकटी आहे, मला जड जातंय, कुणीतरी लिहा, असं सगळ्या मंडळीला लिहिलं होतं. तुम्हाला सरळ सांगायला जमत नव्हतं म्हणूनच पत्रात लिहिलं. पप्पांनी वाचून दाखवलं. एकानेही ओळ लिहिली नाही. तूसुद्धा काही बोलली नाहीस. मग परत परत काय सांगायचं?’

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती त्या रविवारी चर्चमध्ये होती, डाव्या बाजूला, चौथ्या बाकावर. ‘नंतर करते फोन,’ एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. हात धुतले. पुसले. ‘ऑक्टोबरचं पत्र दाखवा,’ म्हणाली.

मी फोनवर काढून दिलं. तिने ते दोनदा वाचलं हे मला तिच्या बोटावरून कळलं, बोट दोनदा खाली आलं आणि दोनदा वर गेलं.

‘एवढं गाळलं तुमी.’

‘व्हय.’

‘एक मिलिमीटर चुकला तर सायबाला फोन लावणारा माणूस तुमी.’

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘लोकं काय म्हणतील म्हणून?’

‘व्हय.’

‘लावा तिला फोन. मी न्हाय सांगणार. तुमीच सांगा.’

मी फोन लावला. तिच्याकडे साडेचार झाले होते, फाटक लागायला एक तास होता. मी प्रस्तावना केली नाही. सांगितलं की ऑक्टोबरच्या पत्रातला तो परिच्छेद मी वाचलाच नाही, मंडळीने तो ऐकलेलाच नाही, मम्मीनेही नाही, आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो.

पलीकडे कोंबडा आरवला. कोल्हापुरात असो की मलावीत, कोंबड्याला वेळेचं भान नसतं. नंतर तिने विचारलं, ‘का?’

‘लोक काय म्हणतील म्हणून.’

‘काय म्हणाले असते?’

‘माहीत नाही.’

‘म्हणजे तुम्ही मोजलंच नाही, पप्पा,’ ती म्हणाली. ‘न मोजताच शून्य लिहिलंत. आणि मी चार महिने ते शून्य खरं धरून बसले.’

मी म्हटलं, ‘उद्या वाचतो.’ ती म्हणाली, ‘तुमची इच्छा,’ आणि तिने फोन ठेवला. सहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता, पत्राचा नव्हता. मी सूचनांनंतर उभा राहिलो आणि म्हणालो की ऑक्टोबरच्या पत्रातल्या सात ओळी मी मंडळीपासून लपवल्या, त्या आज वाचतो. वाचल्या. ‘पलीकडे कुणी आहे असं वाटलेलं नाही’ या ठिकाणी मी मुद्दाम सावकाश वाचलं. मग जानेवारीतले नऊ दिवसही सांगितले. कुणीही आमेन म्हटलं नाही. आमेन कुठे म्हणायचं ते लोकांना कळलं नसावं.

निवृत्त झालेल्या एक शिक्षिका आहेत, ऐंशीच्या घरातल्या, त्यांनी मंडळीतल्या निम्म्या लोकांना शाळेत शिकवलं आहे. त्या काठीला धरून उठल्या. ‘पोरीनं ऑक्टोबरात हाक मारली,’ त्या म्हणाल्या. ‘आपुण फेब्रुवारीत ऐकतोय. आता गीत नंतर म्हणा. आधी तिचा नंबर सांगा, सेक्रेटरी. सावकाश सांगा, मला लिवायला वेळ लागतो.’

मी नंबर सांगितला. तीनदा सांगावा लागला. त्या आठवड्यात तिला सदतीस जणांनी निरोप पाठवले, हा आकडा तिने मम्मीला दिला. वयस्कर पंच मंगळवारी संध्याकाळी आमच्या घरी आले. मला वाटलं बोलणी खायची वेळ आली. त्यांनी खिशातून फोन काढला. ‘ते बोलून पाठवायचं कसं असतं ते दाखवा,’ म्हणाले. मी दाखवलं. माझ्या खुर्चीत बसून, डोळे मिटून, त्यांनी अकरा मिनिटांची प्रार्थना तिला पाठवली. मध्ये एकदा त्यांचं बोट सुटलं तर पुन्हा पहिल्यापासून केली. उठताना म्हणाले, ‘माझी बायको गेली तेव्हा मला पण दीड वर्ष तसंच झालतं. पलीकडं कोण न्हाय असं. कुणाला सांगितलं न्हाय.’ चहा न घेता गेले.

म्हणजे पहिल्या बाकावर बसलेल्या ज्या माणसाच्या भीतीने मी त्या ओळी गाळल्या, त्यालाच त्या ऐकायची गरज होती. मला हे ऑक्टोबरात माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण माहीत करून घेता आलं असतं. एकदा वाचलं असतं तर कळलं असतं.

त्या आठवड्याच्या शेवटी तिचं फेब्रुवारीचं पत्र आलं, माझ्या फोनवर नाही, आमच्या इथल्या पाळकसाहेबांच्या. वर एक ओळ होती: यापुढची पत्रं बाईंनी वाचावीत. बाई म्हणजे त्या निवृत्त शिक्षिका. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन हे सांगितलं, त्यांना अवघड वाटत होतं. मी म्हटलं, बरोबर आहे. सेक्रेटरीपदाचा राजीनामाही दिला, तो पंचांनी घेतला नाही. मी हजेरी लिहितो, सूचना वाचतो, आणि मग तिसऱ्या बाकावर जाऊन बसतो. बाई खुर्चीत बसून वाचतात, फार सावकाश, बोट ठेवून, मध्ये मध्ये चष्मा पुसत. एकदाही ओळ चुकत नाहीत. फेब्रुवारीचं पत्र त्रेपन्न ओळींचं असावं, ऐकून अंदाज केला. मार्चच्या पत्रात तिने लिहिलं की नवी सोबतीण अजून आलेली नाही, पण तिथल्या पाळकसाहेबांच्या बायकोची बहीण आता संध्याकाळी मुक्कामाला येते, आणि त्या दोघी एकमेकींना आपापल्या भाषेतली गीतं शिकवतात. प्रार्थनेबद्दल लिहिलं, ‘अजून तसंच आहे, पण आता ते एकटीचं नाही.’ हे मला सगळ्यांबरोबरच कळलं. बायकोला आधी माहीत होतं की काय, मी विचारलं नाही.

शनिवारी फोन येतो. ती मम्मीशी बोलते, पाऊण तास. मी समोरच बसलेला असतो. शेवटी मम्मी फोन माझ्याकडे करते. ‘पप्पा, बरे आहात?’ ‘बरा आहे. तू?’ ‘बरी आहे.’ कधी ती एखादी तक्रार करते, मासळीची, पत्र्याच्या उकाड्याची, तेव्हा मला बरं वाटतं. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा बोललेलो नाही. ती जूनच्या शेवटी येते. आल्यावर घरात माझ्यासमोर ती काय बोलेल आणि काय नाही, याचा मी अंदाज करायचा नाही असं ठरवलं आहे.

पावसाच्या याद्या मात्र माझ्याकडेच येत राहिल्या. मार्चच्या यादीत एका दिवशी आडवी रेघ होती, आणि तिने शेजारी शेऱ्याचा नवा रकाना आखला होता: ‘ताप, उतरला.’ एप्रिलमध्ये दोनच दिवस पाऊस, चार आणि दोन मिलिमीटर. मी वही मिटून कपाटात ठेवली. मे महिन्यात तिथे पाऊस पडत नाही. पर्जन्यमापक उचलून ठेवला तरी चालतो, मीच तिला तसं सांगितलं होतं.

काल यादी आली. मे महिन्याची. मी चष्मा लावून वहीत उतरवून घेतली. एकतीस दिवस, एकतीस शून्यं. एकही आडवी रेघ नाही.